शटडाऊनने पैसा वाचत नाही

८ एप्रिल २०११ च्या रात्री, बारा वाजायला जेमतेम तासभर उरला असताना, वॉशिंग्टनमध्ये समझोता जाहीर झाला. प्रतिनिधीगृहाचे रिपब्लिकन सभापती जॉन बेनर, सिनेटमधील डेमोक्रॅटिक बहुमताचे नेते हॅरी रीड आणि अध्यक्ष बराक ओबामा यांच्यातली घासाघीस अखेर संपली. ती फिसकटली असती, तर अमेरिकेच्या केंद्र सरकारची खर्च करण्याची कायदेशीर मुभा मध्यरात्री संपणार होती आणि आठ लाखांच्या आसपास कर्मचारी बिनपगारी घरी बसणार होते. यालाच शटडाऊन म्हणतात. समझोत्यात ३८.५ अब्ज डॉलरची कपात ठरली. देशाच्या इतिहासात एका वर्षात झालेली ही सर्वांत मोठी कपात, असे खुद्द ओबामांनी सांगितले. पुढच्या आठवड्यात काँग्रेसच्या स्वतःच्या अर्थसंकल्प कार्यालयाने हिशेब मांडला. युद्धांवरचा खर्च बाजूला ठेवला, तर त्या आर्थिक वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत प्रत्यक्ष खर्च घटणार होता ३५ कोटी २० लाख डॉलरने. जाहीर झालेल्या आकड्याच्या शंभराव्या भागाहूनही हे कमी होते.

हा सगळाच फरक हातचलाखीचा नव्हता. काँग्रेस विभागांना मंजूर करते तो खर्चाचा अधिकार. त्या अधिकारातून पैसा बाहेर पडायला कधी महिने लागतात, कधी वर्षे. आज अधिकार कापला की त्याचा परिणाम पुढच्या काही वर्षांत हळूहळू दिसतो, आणि ३८.५ अब्जांपैकी बऱ्याच रकमेचे तसेच होणार होते. पण यादीत असेही पुष्कळ काही होते, जे त्या वर्षी कुणी खर्च करणारच नव्हते. २०१० ची जनगणना आटोपल्यावर उरलेला पैसा त्यात होता. गुन्ह्यांना बळी पडलेल्यांच्या निधीतला, मर्यादेमुळे त्या वर्षी हात न लावता येणारा हिस्सा होता. मुलांच्या आरोग्यविम्यासाठी ठेवलेली पण न लागलेली रक्कमही होती. शिवाय देशांतर्गत कार्यक्रमांवर जे खरोखर वाचले, त्याच्या जवळपास तेवढीच वाढ संरक्षणखर्चात झाली.

त्या रात्री शटडाऊन टळला म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मला तो प्रसंग महत्त्वाचा वाटतो तो नेमका याचसाठी. शटडाऊन झाला तर नुकसान होते हे सर्वांना दिसते. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. शटडाऊन होवो किंवा टळो, त्याच्या धमकीखाली केलेली खर्चकपात कपात म्हणूनही निकृष्ट ठरते. आणि ज्या अधिकाराच्या नावाने ती होते, तो लोकप्रतिनिधींचा तिजोरीवरचा अधिकारही तिच्यामुळे दुबळा होतो. गेल्या तीस वर्षांचा अमेरिकेचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो.

कपात मागणाऱ्यांची बाजू आधी नीट समजून घ्यायला हवी. त्यांना हट्टी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. २०११ साली अमेरिकी केंद्र सरकारचा खर्च साधारण ३.६ लाख कोटी डॉलर होता आणि तूट १.३ लाख कोटींची. खर्चाच्या दर तीन डॉलरमागे एकाहून अधिक डॉलर कर्जाचा होता. २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधीगृहात ६३ जागा वाढवून सत्ता मिळवली, ती १०० अब्ज डॉलर कापण्याचे वचन देऊन. आधीच्या डेमोक्रॅटिक काँग्रेसने २०११ चे एकही विनियोजन विधेयक मंजूर केलेले नव्हते. सरकार तात्पुरत्या मुदतवाढींवर चालले होते. नव्या सभागृहाने फेब्रुवारीत ६१ अब्जांच्या कपातीचे विधेयक मंजूर केले. मतदारांनी ज्या कामासाठी निवडून दिले, ते काम करायला ही माणसे बसली होती. कर्जाचा बोजा खोटा नव्हता आणि तो तेव्हापासून वाढतच गेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे तोवरचा सर्वांत लांब ठरलेला शटडाऊन चालू असतानाच, अमेरिकेचे सरकारी कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या पलीकडे गेले.

सभागृहाने पैसा नाकारणे यात मुळात गैर काहीच नाही. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने १६२९ पासून अकरा वर्षे संसदेवाचून कारभार केला. स्कॉटलंडशी युद्ध जुंपले, पैसा संपला, तेव्हा त्याला १६४० मध्ये संसद बोलवावीच लागली. राजाला प्रजेसमोर बसायला लावण्याची दुसरी कुठलीच वाट नव्हती. अमेरिकेच्या घटनाकारांनी हे ध्यानात ठेवून पहिल्याच अनुच्छेदात लिहिले की कायद्याने विनियोजन झाल्याखेरीज तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. आपल्या घटनेचा ११४ वा अनुच्छेद एकत्रित निधीबद्दल हेच सांगतो.

मराठी वाचकाला तर या अधिकाराचे मोल वेगळे सांगायला नको. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकारकडे शिल्लक साठते आहे याचा अर्थ गरिबांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. भाषण गाजले. पण त्या सभागृहात सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येत असे, मत देता येत नसे. पुढे १९१९ च्या सुधारणांनंतर मत देण्याचा थोडा हक्क मिळाला. १९२३ मध्ये मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये करायला मध्यवर्ती विधानसभेने नकार दिला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या प्रमाणपत्राच्या अधिकारात तो कर लादलाच. पैशाला नाही म्हणण्याचा हक्क नसला की सभागृह म्हणजे अर्ज-विनंत्यांची जागा होते, हे आपण भोगलेले आहे. म्हणूनच हा अधिकार वाया घालवला जाताना पाहून मला वाईट वाटते.

शटडाऊन हा त्या अधिकाराचा अपरिहार्य परिणाम आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. अमेरिकेच्या घटनेत शटडाऊन नाही. एकोणिसाव्या शतकात विभाग वर्षाचा पैसा काही महिन्यांतच उडवत आणि मग काँग्रेसकडे हात पसरत. त्याला आळा घालायला कायदे झाले. मंजुरीपलीकडे खर्च करू नका, फुकट सेवा स्वीकारू नका, असे विभागांना बजावले गेले. तरीही मंजुरीला उशीर झाला की कुणी कार्यालयांना कुलपे लावत नसे. १९७० च्या दशकात अशी खंडित काळाची उदाहरणे वारंवार घडली. अधिकारी खर्चाला थोडा आवर घालत आणि कामकाज चालू ठेवत. उशिरा का होईना, पैसा येणारच, हे सर्वांनी धरून चाललेले असे.

हे बदलले एका कायदेशीर सल्ल्याने. एप्रिल १९८० मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मत दिले की मंजुरी संपली की विभागाने काम थांबवलेच पाहिजे. न थांबवणारा अधिकारी कायदा मोडतो. आठवडाभरात व्यापार आयोगाचे काम एक दिवस बंद राहिले. जानेवारी १९८१ मध्ये सिव्हिलेटींनीच दुसरे मत देऊन सवलत ठेवली: माणसांचा जीव आणि मालमत्ता यांच्या रक्षणाची कामे चालू ठेवता येतील. सैन्य, विमानतळावरचे हवाई वाहतूक नियंत्रक, तुरुंगाचे पहारेकरी कामावर राहतात आणि संग्रहालये, प्रयोगशाळा, कर्ज देणारी कार्यालये बंद होतात, ही आजची सगळी रीत त्या दोन सल्ल्यांतून आलेली आहे. कायद्याचा अर्थ म्हणून सिव्हिलेटींचे मत कदाचित बरोबरही असेल. पण त्यातून राजकारण्यांच्या हाती जे शस्त्र आले, ते कुठल्याही सभागृहाने विचार करून, मतदान करून घडवलेले नव्हते.

याच्या काही वर्षे आधी दुसरी एक गोष्ट घडली होती. अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी काँग्रेसने मंजूर केलेला पैसा खर्चच न करता अडवून ठेवायला सुरुवात केली होती. त्याला उत्तर म्हणून १९७४ मध्ये काँग्रेसने अर्थसंकल्पाचा नवा कायदा केला. पैसा अडवण्यावर बंधने आली, काँग्रेसला स्वतःचे अर्थसंकल्प कार्यालय मिळाले, आणि अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून आर्थिक वर्षाची सुरुवात १ जुलैवरून १ ऑक्टोबरवर नेली गेली. हेतू उत्तम होता. समित्यांनी वर्षभर सुनावण्या घ्यायच्या, विभागांच्या प्रमुखांना प्रश्न विचारायचे, आज ज्यांची संख्या बारा आहे ती विनियोजन विधेयके ३० सप्टेंबरपूर्वी एकेक करून मंजूर करायची. ही सगळी विधेयके वेळेत मंजूर झाली अशी या अर्ध्या शतकात फक्त चार आर्थिक वर्षे निघतात: १९७७, १९८९, १९९५ आणि १९९७. बाकी प्रत्येक वर्षी तात्पुरती मुदतवाढ, मग आणखी एक मुदतवाढ, आणि अनेकदा शेवटी सगळे एकत्र बांधलेले हजारो पानांचे विधेयक. ते कुणी वाचलेले नसते. वाचायला वेळ असतोच कुठे? समितीत विभागाची एकेक बाब धरून बसलेला सभासद यात निरर्थक ठरतो आणि चार-पाच पक्षनेते बंद खोलीत आकडा ठरवतात. २०११ च्या समझोत्यातल्या कपाती ज्या तऱ्हेने जमवल्या गेल्या, त्याचे मूळ इथे आहे. मुदत संपायच्या आत आकडा लागतो. कुठली योजना खरोखर निकामी झाली आहे हे शोधायला वर्षभराची मेहनत लागते आणि ती मेहनत करणारी यंत्रणाच मोडलेली असते.

शिवाय भांडण होते ते तिजोरीच्या एका कोपऱ्यात. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेचा केंद्रीय खर्च पावणेसात लाख कोटी डॉलरच्या घरात होता. त्यातला दरवर्षी काँग्रेसच्या मंजुरीला येणारा भाग सुमारे १.८ लाख कोटी, आणि त्याचाही जवळपास निम्मा संरक्षणाचा. वृद्धांचे निवृत्तिवेतन, वैद्यकीय विमा, कर्जावरचे व्याज हे सगळे कायमच्या कायद्यांनी आपोआप दिले जाते. शटडाऊन त्याला स्पर्शही करत नाही. एकट्या व्याजाची रक्कम २०२४ मध्ये संरक्षणखर्चाच्या पुढे गेली. म्हणजे ज्यामुळे कर्ज वाढते आहे ते टेबलावर येतच नाही, आणि टेबलावर येतात त्या शिक्षण, संशोधन, उद्याने, अन्नतपासणी, न्यायालये यांच्यासारख्या गोष्टी. ओबामाकेअर या आरोग्यविमा कायद्याचा पैसा रोखण्यासाठी रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये १६ दिवसांचा शटडाऊन ओढवून घेतला. त्या कायद्याचा बहुतेक पैसा कायमच्या तरतुदीतून येत असल्याने विम्याची बाजारपेठ शटडाऊनच्या पहिल्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, ठरल्याप्रमाणे उघडली. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात मात्र नव्या रुग्णांना चाचणी-उपचारांत घेणे थांबले.

अमेरिकेत मोठ्या खर्चाला खरोखर वळण लागले ते कसे, हेही पाहावे. १९८३ मध्ये रोनाल्ड रेगन आणि डेमोक्रॅटिक प्रतिनिधीगृह यांनी निवृत्तिवेतन योजनेत कर वाढवले, निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६७ वर नेले. त्याची पायाभरणी ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या अध्यक्षतेखालच्या द्विपक्षीय आयोगाने केली होती. १९९५-९६ च्या हिवाळ्यात प्रतिनिधीगृहाचे रिपब्लिकन सभापती न्यूट गिंग्रिच यांनी आधी ५ आणि मग २१ दिवस सरकार बंद पाडले. त्यांचे समर्थक सांगतात की त्यामुळेच १९९८ मध्ये अर्थसंकल्प शिलकीत आला. मला हा दावा पटत नाही. १९९० आणि १९९३ मध्ये कर वाढलेले होते, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तेजी होती, आणि खर्चाला लगाम घालणारा कायदा झाला तो १९९७ मध्ये, कसलाही शटडाऊन नसताना, अध्यक्ष क्लिंटन आणि तेच गिंग्रिच यांच्यात शांतपणे झालेल्या वाटाघाटींतून. एवढे मात्र मान्य करीन की १९९५ च्या संघर्षाने तुटीचा प्रश्न राष्ट्रीय चर्चेच्या मध्यभागी आणला. पण त्यासाठी सरकारी कार्यालये बंद पाडण्याची गरज होती, असे त्यातून सिद्ध होत नाही.

शटडाऊनमध्ये पैसा वाचतो का? २०१३ च्या १६ दिवसांत घरी बसवलेल्या कर्मचाऱ्यांचे ६६ लाख मनुष्यदिवस वाया गेले आणि त्यांच्या न केलेल्या कामाच्या पगारावर सुमारे दोन अब्ज डॉलर नंतर द्यावे लागले. २०१८-१९ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवेत म्हणून डोनाल्ड ट्रम्प अडून बसले. ३५ दिवस चाललेल्या त्या शटडाऊनमध्ये सुमारे ३ लाख ८० हजार लोक घरी होते आणि ४ लाख २० हजार लोक बिनपगारी कामावर. अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार देशाचे ३ अब्ज डॉलरचे उत्पादन कायमचे बुडाले. काँग्रेसने शेवटी कुंपणासाठी दिले १.३७५ अब्ज. त्याच वेळी झालेल्या कायद्याने घरी बसलेल्यांना नंतर पूर्ण पगार मिळण्याची हमी दिली आणि ते योग्यच झाले. राजकारण्यांच्या भांडणाचा दंड कारकुनाने का भरावा? पण याचा अर्थ असा की सरकार पगार देते, काम घेत नाही आणि वर थकलेल्या कंत्राटांचा भुर्दंड सोसते. सफाई कामगार, उपाहारगृहातील वाढपी, पहारेकरी हे कंत्राटदारांकडचे लोक, त्यांना तर तो पगारही परत मिळत नाही. काँग्रेसच्या सभासदांचे वेतन मात्र एक दिवसही थांबत नाही.

मध्यरात्रीच्या सौद्यात आणखी एक गोष्ट विकली जाते, ती म्हणजे ज्यांना तिथे बसायला जागा नाही त्यांचा हक्क. २०११ मध्ये गर्भपाताच्या प्रश्नावरून समझोता अडला होता. तोडगा निघाला तो असा की वॉशिंग्टन शहराने आपल्या स्वतःच्या करांचा पैसासुद्धा गरीब स्त्रियांच्या गर्भपातासाठी वापरू नये. त्या शहराच्या लाखो नागरिकांना काँग्रेसमध्ये मतदानाचा हक्क असलेला एकही प्रतिनिधी नाही. त्यानंतर काही दिवसांतच शहराचे महापौर व्हिन्सेंट ग्रे संसदभवनाजवळच्या रस्त्यावर निषेधाला बसले आणि त्यांना अटक झाली. गर्भपाताबद्दल कुणाचे मत काहीही असो, केंद्राच्या तुटीशी या कलमाचा काडीचाही संबंध नव्हता.

मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच. शटडाऊनचे हत्यार काँग्रेस उचलते अध्यक्षाला वाकवण्यासाठी, आणि प्रत्येक वेळी अध्यक्षाचेच हात मजबूत होतात. मंजुरी संपली की कोणते काम चालू ठेवायचे आणि कोणते थांबवायचे, हे अध्यक्षाच्या हाताखालचे अर्थसंकल्प खाते ठरवते. २०१९ मध्ये भिंतीचा पैसा मिळाला नाही, तेव्हा ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर करून लष्करी बांधकामाचा निधी तिकडे वळवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हे फार पुढे गेले. पहिल्याच दिवशी न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे आणि हडसन नदीखालचा बोगदा यांचा सुमारे १८ अब्ज डॉलरचा निधी रोखल्याचे जाहीर झाले. विरोधी पक्षाचे दोन्ही प्रमुख नेते न्यूयॉर्कचे आहेत. काही हजार कर्मचाऱ्यांना कायमचे काढून टाकण्याच्या नोटिसा गेल्या. संशोधनासाठी मंजूर झालेला पैसा उचलून सैनिकांचे पगार दिले गेले. सैनिकाला पगार मिळाला याचे वाईट कुणाला वाटेल? पण काँग्रेसने एका कामासाठी दिलेला पैसा अध्यक्षाने दुसऱ्या कामाला लावला आणि त्याला रोखणारे सभागृह तेव्हा बंद होते. प्रतिनिधीगृहाची बैठक सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून जवळजवळ दोन महिने भरलीच नाही.

त्या शटडाऊनचे तात्कालिक कारण खर्चवाढीचे होते. आरोग्यविम्यावरची वाढीव सवलत वर्षअखेर संपत होती आणि डेमोक्रॅट ती पुढे चालू ठेवा म्हणत होते. पण खोलवरचे कारण कपातीचेच होते. सिनेटमध्ये खर्चाचे विधेयक पुढे जायला साठ मते लागतात, म्हणून दोन्ही पक्षांना एकत्र बसावे लागते. जुलै २०२५ मध्ये परदेशी मदत आणि सार्वजनिक प्रसारण यांचे सुमारे ९ अब्ज डॉलर परत घेण्याचे विधेयक सिनेटने ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केले, कारण अशा परतीच्या विधेयकाला साधे बहुमत पुरते. ऑगस्टअखेर ट्रम्प यांनी परदेशी मदतीचे आणखी ४.९ अब्ज परत घ्यायचा प्रस्ताव अशा वेळी पाठवला की काँग्रेसने विचार करण्याआधीच वर्ष संपून पैसा बुडावा. सप्टेंबरच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्यातले सुमारे ४ अब्ज तूर्त रोखून ठेवायला मुभा दिली. साठ मतांनी केलेला करार एक्कावन्न मतांनी, किंवा एकट्या अध्यक्षाच्या सहीने, मोडता येत असेल तर विरोधकांनी तो करायचा कशासाठी? कपात करणाऱ्यांनी इथे आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. खर्चकपात टिकते ती दोन्ही बाजूंनी मान्य केलेली. आणि दोन्ही बाजूंना टेबलाशी आणणारा विश्वासच त्यांनी घालवला.

४३ दिवस सरकार बंद राहिले. ४ कोटी २० लाख लोकांना धान्य-किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला अडकली आणि ती द्यायची की नाही यावर न्यायालयांत लढाई झाली. बिनपगारी हवाई वाहतूक नियंत्रकांची हजेरी घटल्याने ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणे कमी करावी लागली. महाराष्ट्रातून तिकडे नोकरीला गेलेल्या अनेक घरांनाही याची झळ लागली. एच-वन-बी व्हिसावर नोकरी बदलायची किंवा नवी घ्यायची तर आधी कामगार खात्याकडून पगाराबद्दलचा दाखला लागतो, आणि त्या खात्याची ती खिडकी जवळजवळ सबंध ऑक्टोबर बंद होती. ज्याची मुदत त्या महिन्यात भरत होती त्याच्यावर काय वेळ आली असेल! बेकारीची पाहणी करणारे लोकही घरी बसलेले असल्याने ऑक्टोबर २०२५ चा अमेरिकेचा बेकारीचा दर कधी निघालाच नाही. १९४८ पासून दरमहा चालत आलेल्या आकड्यांच्या ओळीत ती जागा आता कायम रिकामी राहील. अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे सहा आठवड्यांच्या बंदने सुमारे ११ अब्ज डॉलरचे उत्पादन कायमचे गेले. जुलैत ज्या कपातीचा गाजावाजा झाला ती होती ९ अब्जांची. आणि ज्या विमा-सवलतीसाठी डेमोक्रॅट लढले, तिच्यावर डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये मतदान झाले. साठ मते मिळाली नाहीत.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा. धमकीच नसेल तर अल्पमतातल्या पक्षाचे ऐकणार कोण? मंजुरी नसतानाही पैसा आपोआप वाहत राहिला, तर सभागृहाने नाही म्हणण्याला अर्थ काय उरतो? याचे उत्तर दुसऱ्या देशांकडे पाहून मिळते. बेल्जियममध्ये २०१०-११ मध्ये निवडणुकीनंतर ५४१ दिवस पूर्णाधिकारी सरकार बनले नाही. शाळा, रुग्णालये, निवृत्तिवेतन यांत खंड पडला नाही, कारण मंजुरी नसेल तर आधीच्या अर्थसंकल्पाचा बारावा हिस्सा दरमहा खर्च करण्याची तिथे सोय आहे. नव्या योजनेला मात्र एक छदामही मिळत नाही, आणि ही कोंडीच पक्षांना समझोत्याकडे ढकलते. ऑस्ट्रेलियात १९७५ मध्ये सिनेटने अर्थमंजुरी अडवली. गव्हर्नर जनरल जॉन केर यांनी ११ नोव्हेंबरला पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केले. ते कृत्य आजही वादग्रस्त आहे, पण सुमारे महिन्याभरात निवडणूक झाली आणि निकाल मतदारांनी दिला. अमेरिकेत मुदती ठरलेल्या. सभागृह बरखास्त होत नाही, अध्यक्ष पायउतार होत नाही. कोंडी फुटायला बाहेरचा मार्गच नाही. अशा रचनेत शटडाऊन म्हणजे कोण आधी थकतो एवढीच परीक्षा उरते, आणि त्यात सर्वांत आधी थकतो तो पगाराविना महिना काढणारा माणूस.

आपल्याकडे शटडाऊन होत नाही, याचा कुणी अभिमान बाळगू नये. लोकसभेने अनुदानाची मागणी नाकारली किंवा कपात सूचना मंजूर केली तर सरकारला जावे लागते, आणि ११६ व्या अनुच्छेदाने लेखानुदानाची सोय केली आहे. त्यामुळे कार्यालये चालू राहतात हे खरे. २०१६ मध्ये उत्तराखंड विधानसभेत विनियोजन विधेयक मंजूर झाले की पडले यावरच वाद पेटला, राष्ट्रपती राजवट लागली, आणि १ एप्रिलपासूनच्या खर्चासाठी अध्यादेश काढावा लागला. तेही निभावले. पण पैशाची छाननी? मार्च २०१८ मध्ये लोकसभेने सर्व मंत्रालयांच्या मागण्या एका दमात, चर्चेविना, गिलोटिनखाली मंजूर केल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळात प्रत्येक अधिवेशनात हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या येतात आणि गोंधळात उरकल्या जातात. गोखल्यांना ज्या मतासाठी झुरावे लागले ते मत आज हातात आहे आणि सभागृह ते न वापरताच परत करते. अमेरिकी काँग्रेस निदान भांडते तरी. तिच्या भांडणाचा मला आदर आहे. ज्या दिवशी आणि ज्या रीतीने ती भांडते, ते चुकीचे आहे.

मंजुरी संपली तर आधीच्या वर्षाच्या पातळीवर खर्च आपोआप चालू राहावा, अशी विधेयके अमेरिकेत वारंवार आली आहेत. त्यातले मला सर्वांत योग्य वाटते ते ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सिनेटर जेम्स लँकफर्ड आणि न्यू हॅम्पशायरच्या डेमोक्रॅट मॅगी हॅसन यांचे, २०१९ पासूनचे. चौदा-चौदा दिवसांची मुदतवाढ आपोआप मिळत जाईल. पण तोवर एकाही सभासदाने सरकारी खर्चाने वॉशिंग्टन सोडायचे नाही आणि विनियोजन विधेयकांखेरीज दुसरे जवळपास कोणतेही काम सभागृहात घ्यायचे नाही. आजवर याचा कायदा झालेला नाही. विरोध दोन्ही पक्षांच्या ज्येष्ठ सभासदांकडून होतो: आपोआप पैसा मिळाला तर जुन्या योजना कापल्याविना तशाच रेंगाळतील, असे एक म्हणतो, महागाईत गोठलेला खर्च म्हणजे छुपी कपात, असे दुसरा म्हणतो. दोन्ही आक्षेप खरे आहेत आणि एकमेकांना छेद देणारे आहेत. गोठलेला खर्च दोघांनाही नकोसा असेल, तर दोघांनाही समितीच्या खोलीत बसून एकेक बाब तपासण्याचे कारण मिळते.

त्या विधेयकात मी एका गोष्टीची भर घालीन. मंजूर झालेला पैसा परत घ्यायचा असेल, तर तो मंजूर करायला सिनेटमध्ये जितकी मते लागली तितकीच मते लागावीत, आणि वर्षाच्या अखेरच्या ९० दिवसांत अध्यक्षाला असा प्रस्ताव पाठवताच येऊ नये. कपातीच्या बाजूने बोलणाऱ्या रिपब्लिकनांना हे आज पटणार नाही, कारण आज अध्यक्ष त्यांचा आहे. निक्सन यांनी जलशुद्धीकरणाचा पैसा अडवला होता तेव्हाही अध्यक्ष त्यांचाच होता, आणि तरीही १९७४ चा कायदा दोन्ही पक्षांच्या प्रचंड बहुमताने मंजूर झाला होता.